इंग्रजीच्या पेपरात आपली मुले कुठे अडतात?

'आय अ‍ॅम बिलाँग टू शेड्युल्ड कास्ट.'

हे वाक्य आम्ही आमच्या हाताने लिहिले होते. बी. ए. झाल्यावर नोकरीसाठी केलेला तो आमचा पहिला अर्ज. कार्यालय कोणते, हे सांगण्याची आता गरज नाही. टेबलामागच्या बाबूने अर्ज हातात घेतला, नेमके हेच वाक्य मोठ्याने वाचले आणि शेजारच्या टेबलाकडे पाहून हसला. मग शेजारचे टेबल हसले. आम्हीही हसलो, कारण काय चुकले ते आम्हाला कळलेच नव्हते. कळायला पुढे दोन वर्षे लागली. 'अ‍ॅम' आणि 'बिलाँग' ही दोन क्रियापदे अशी शेजारी शेजारी बसत नाहीत. 'आय बिलाँग टू' एवढेच लिहायचे असते.

ती माणसे व्याकरणाला हसली की वाक्यातल्या शेवटच्या दोन शब्दांना, याचा निकाल आम्ही आजही लावू शकलेलो नाही. पण एक गोष्ट आम्ही मनाशी बांधली. जातीला हसणाऱ्याचे तोंड बंद करायला चळवळ लागते, आणि ती चालूच राहील. व्याकरणाला हसणाऱ्याचे तोंड मात्र आपण एका उन्हाळ्याच्या अभ्यासाने बंद करू शकतो. मग ते का करू नये?

आज नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीत, विहाराच्या सभागृहात आम्ही काही मित्र दर रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेचा वर्ग घेतो. वंदना झाली की सतरंजीवर मुलेमुली बसतात. कोणाचे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, कोणाची आई कंत्राटावर सफाईकाम करणारी, कोणी स्वतःच एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून थेट आलेला. इतिहास विचारा, धडाधड सांगतात. राज्यघटनेची कलमे तोंडपाठ. गणितातही हात चालतो. इंग्रजीचा कागद पुढे केला की माना खाली जातात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. म्हणजे ही मुले दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेली आहेत. तरी 'चुकीचा भाग ओळखा' असे म्हटले की त्यांना सगळेच बरोबर वाटते, नाहीतर सगळेच चूक वाटते.

हा प्रश्न पाच-दहा गुणांचा आहे असे कोणी समजू नये. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न असतात, त्यांतले २५ इंग्रजीचे. गुण ५०, आणि प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीला होते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो. त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही हीच अट आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नाही, म्हणून आमची पुष्कळ पोरे त्याच मैदानावर धावत राहतात. धावावे, जरूर धावावे. पण भीतीपोटी एकाच मैदानावर धावणे आणि आवडीने धावणे यात फरक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे कार्यालय आज याच नवी मुंबईत, बेलापूरच्या सेक्टर ११ मध्ये आहे. आमच्या वस्तीतून तिथे रिक्षाने जाता येते. इंग्रजीच्या पेपराला वळसा घालून मात्र तिथे जाता येत नाही.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, इंग्रजीचे हे लोढणे हवेच कशाला? परीक्षा मराठीतून घ्या, त्यासाठी लढा. हा मुद्दा आम्हाला मान्य आहे. मार्च २०१३ मध्ये संघ लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेत इंग्रजीचे गुण गुणवत्तेसाठी धरण्याचे ठरवले होते. संसदेत आणि बाहेर विरोध झाला आणि त्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. पूर्वपरीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा ते गुणही गुणवत्तेतून वगळले गेले, आणि २०१५ पासून तो संपूर्ण पेपरच फक्त पात्रतेपुरता झाला. म्हणजे लढले की मिळते. पण लढ्याचा निकाल लागेपर्यंत परीक्षेची तारीख थांबत नाही आणि पोराचे वयही थांबत नाही. लढाई आणि अभ्यास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या असतात. बाबासाहेबांनी तेच केले.

दुसरे टोकही आम्ही पाहिले आहे. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बंका या गावी २०१० साली 'इंग्रजी देवी'चे मंदिर बांधायला घेतले होते. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला नवी देवी कशाला हवी? व्याकरण नवसाला पावत नाही. ते वहीपेन्सिल घेऊनच शिकावे लागते.

सुभेदारांची पद्धत

बाबासाहेबांचे इंग्रजी आकाशातून पडले नव्हते. वडील रामजी सुभेदार यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली, हे आपण चरित्रात वाचलेले आहे. परळच्या डबक चाळीतली एक खोली. तिथे पहाटे दोनला मुलाला उठवून बसवणारा बाप. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलींकडे दागिने मागायला जाणारा बाप. त्या खोलीतून १९०७ ची मॅट्रिक झाली, १९१२ ची बी. ए. झाली आणि १९१३ ला कोलंबिया विद्यापीठाची वाट उघडली. ज्याला शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्याने बी. ए. ला इंग्रजी आणि फारसी घेतली.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. सुभेदारांनी मुलाला मराठी विसरायला लावले नाही. भाषांतर पाठमाला म्हणजे मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून शिकणे. आमच्या वर्गात आम्ही हीच पद्धत धरली आहे, आणि तिचा पहिला धडा असा, की आपल्या चुका मूर्खपणाच्या नाहीत. आपण मराठीचे नियम इंग्रजीला लावतो, म्हणून त्या होतात. चुकीमागे नियम आहे, आणि नियम कळला की चूक सापडते. आता उदाहरणेच घेऊ.

वडील 'आर' की 'इज'?

'माय फादर आर अ वर्कर.' पोरगा असे का लिहितो? कारण मराठीत 'वडील आहे' म्हटले तर आजी कान धरील. आपण आदराने अनेकवचन वापरतो. इंग्रजी क्रियापदाला आदर कळत नाही, त्याला फक्त संख्या कळते. बाप एक, म्हणून 'इज'. साहेब एक, म्हणून 'इज'. राष्ट्रपती एक, म्हणून 'इज'.

हे शिकवताना आम्ही मुलांना आणखी एक गोष्ट सांगतो. इंग्रजीत 'अरे' आणि 'अहो' नाही. जुन्या इंग्रजीत 'दाऊ' हा एकेरी शब्द होता, तो रोजच्या वापरातून केव्हाच गेला. आता पाटलालाही 'यू' आणि पाटलाच्या शेतावरच्या सालगड्यालाही 'यू'. आमच्या आजोबांना गावात दहा वर्षांचे पोरही 'काय रे' म्हणून हाक मारत असे. व्याकरणाने समता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही हे सांगितल्यावर सतरंजीवरच्या माना थोड्या वर येतात, हेही आम्ही पाहिले आहे.

पेटी जड आहे की आंबे जड आहेत?

'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी.' परीक्षेत सर्वाधिक फसवणारा हाच साचा. 'मँगोज' अनेकवचनी आहे आणि तो क्रियापदाला चिकटून बसला आहे, म्हणून 'आर' बरोबर वाटते. आता हेच मराठीत म्हणा. 'आंब्यांची पेटी जड आहे.' 'पेटी जड आहेत' असे माथाडीचे पोर कधीही म्हणणार नाही. मराठीत कर्ता 'पेटी' क्रियापदाजवळ येतो, म्हणून चूक होत नाही. इंग्रजीत तो पुढे निघून जातो आणि मध्ये आंबे येऊन बसतात. म्हणून पेन्सिलीने 'ऑफ मँगोज' झाका. उरले 'द बॉक्स'. उत्तर 'इज'.

हाच झाकण्याचा उपाय 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' यांनाही लागतो. 'द लीडर, अलाँग विथ हिज फॉलोअर्स, वॉज अरेस्टेड.' अनुयायी कितीही असोत, क्रियापद नेत्याच्या मागे जाते. 'नायदर... नॉर' असेल तर मात्र क्रियापद जवळच्या शब्दाचे ऐकते. 'इच' आणि 'एव्हरी' हे कायम एकवचनी.

'वन ऑफ द स्टुडंट इज अ‍ॅबसेंट' यातही चूक आहे. मराठीत म्हणून पाहा : 'विद्यार्थ्यांपैकी एक गैरहजर आहे.' 'विद्यार्थ्यापैकी एक' असे आपण म्हणत नाही. एक निवडायचा तर आधी अनेक हवेत. म्हणून 'स्टुडंट्स', पण क्रियापद 'इज', कारण गैरहजर एकच.

काळाचा घोळ

'आय अ‍ॅम लिव्हिंग इन तुर्भे सिन्स टेन इयर्स.' मराठीत 'दहा वर्षांपासून राहतो आहे' हे शुद्ध आहे, म्हणून इंग्रजीतही वर्तमानकाळ येतो. पण जे मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, त्याला इंग्रजीत वेगळे रूप आहे : 'आय हॅव बीन लिव्हिंग इन तुर्भे फॉर टेन इयर्स.' 'सिन्स' आणि 'फॉर' यांची खूण सोपी आहे. 'किती काळ?' या प्रश्नाचे उत्तर असेल तर 'फॉर'. 'नेमके कधीपासून?' याचे उत्तर असेल तर 'सिन्स'. दहा वर्षे, 'फॉर'. २०१५ पासून, 'सिन्स'.

'यस्टरडे आय हॅव सबमिटेड द फॉर्म.' आपण 'काल फॉर्म भरला आहे' असे सहज बोलतो, म्हणून 'हॅव' घुसतो. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'टू डेज अगो' असा संपलेल्या काळाचा शब्द दिसला की 'हॅव' आणि 'हॅज' वर काट मारा. 'आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे.' तसेच 'आय डिड नॉट वेन्ट'. भूतकाळाचे ओझे 'डिड' ने उचलले, मग पुन्हा 'वेन्ट' ने कशाला उचलायचे? 'डिड नॉट गो.'

मराठी प्रत्ययांची ओढ

'साहेब माझ्यावर रागावले', म्हणून 'अँग्री ऑन मी'. बरोबर रूप 'अँग्री विथ मी'. 'ती गणितात हुशार', म्हणून 'गुड इन मॅथ्स'. बरोबर रूप 'गुड अ‍ॅट'. 'त्याच्याशी लग्न झाले', म्हणून 'मॅरीड विथ'. बरोबर रूप 'मॅरीड टू'. 'माझ्यापेक्षा सिनियर', म्हणून 'सिनियर दॅन मी'. बरोबर रूप 'सिनियर टू मी', आणि 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' यांनाही 'टू' च. 'प्रश्नाबद्दल चर्चा केली', म्हणून 'डिस्कस्ड अबाऊट द प्रॉब्लेम'. इथे 'अबाऊट' नकोच, 'डिस्कस' च्या पोटात 'बद्दल' आधीच आहे.

'जरी... तरी' ही मराठीची जोडी. तिच्यावरून 'ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही स्टडीड' असे वाक्य होते. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवतात. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'त्याचे केस पिकले', म्हणून 'हिज हेअर्स आर ग्रे'. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचन : 'हिज हेअर इज ग्रे.' बातम्या अनेक असल्या तरी 'द न्यूज इज'. आणि 'इन्फॉर्मेशन्स' लिहावेसे वाटले तर स्वतःला विचारा, आपण 'माहित्या' म्हणतो का?

देवनागरीचा उपयोग

'अ' आणि 'अ‍ॅन' यांत आमची मुले फार गोंधळतात, कारण त्यांना शाळेत स्वराची अक्षरे पाठ करायला लावली आणि नाद ऐकायला शिकवलेच नाही. आम्ही सांगतो, तो शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा. पहिले अक्षर अ, आ, इ, ए, ऑ असे स्वराचे आले तर 'अ‍ॅन'. व्यंजनाचे आले तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी', पहिले अक्षर 'य', म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'ऑनेस्ट', पहिले अक्षर 'ऑ', म्हणून 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन'. तासाला 'अवर', म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'एम.एल.ए.', म्हणून 'अ‍ॅन'. 'वन-रुपी नोट', म्हणून 'अ'. इंग्रजी माध्यमातले पोर जिथे स्पेलिंगला फसते, तिथे आमचे मराठी शाळेतले पोर देवनागरीच्या जोरावर बरोबर निघते. मराठी शाळेत शिकलो याची लाज वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

'द' ला मात्र मराठीत जोडीदार नाही, म्हणून तो सरावानेच येतो. ज्याचा उल्लेख आधी झाला आहे किंवा ज्याबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला नेमके ठाऊक आहे, त्याला 'द'. 'सर्वात मोठा', 'सर्वात चांगला' अशा रूपांना 'द'. 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया' ला 'द', कारण ते एकच आहे.

प्रश्न पुढे आल्यावर काय करायचे?

वाक्य चार तुकड्यांत दिलेले असते. नुसते वाचून 'कानाला कसे वाटते' ते पाहू नये. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांचा कान तयार असतो. आपल्याला कानाऐवजी क्रम लागतो. आधी क्रियापद शोधा. मग त्याचा कर्ता शोधा आणि मधला मजकूर झाका. मग काळ दाखवणारा शब्द पाहा. मग शब्दयोगी अव्यये, आणि शेवटी 'अ', 'अ‍ॅन', 'द'. एवढे पाहून काही सापडले नाही, तर 'चूक नाही' हा पर्याय घ्यायला भिऊ नका. तोही पर्याय म्हणूनच छापलेला असतो.

कापल्या जाणाऱ्या गुणांचाही हिशेब असतो. बरोबरला दोन आणि चुकीला अर्धा असेल, तर दोन पर्याय खात्रीने खोडता आल्यावर उरलेल्या दोनांतला एक निवडणे तोट्याचे नाही. असे चार प्रश्न सोडवले आणि दोन चुकले, तरी चार मिळून एक जातो. तीन हातात राहतात. मात्र काहीच खोडता येत नसेल तर पुढे चला.

घरी एक जाड वही करा. उजव्या पानावर आपण केलेली चूक, डाव्या पानावर ते वाक्य मराठीत, आणि खाली चूक का झाली त्याची एक ओळ. पुस्तकातले दोनशे नियम पाठ करण्यापेक्षा आपल्याच पन्नास चुका ओळखणे जास्त कामाचे. माणूस त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा करतो. त्या पन्नास संपल्या की पेपरातली बरीच लढाई संपते.

आता आपल्या घराकडे पाहू

हे सगळे मुलांनी करायचे, मग आपण काय करायचे? नवी मुंबईत आपले शेकडो लोक बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात, कोकण भवनात नोकरी करून निवृत्त झाले आहेत. प्रत्येकाने कधी ना कधी हाच पेपर दिला आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपण पुढे असतो, वर्गणी मोकळ्या हाताने देतो. पण रविवारचे दोन तास मागितले की गुडघे दुखतात. विहारांची सभागृहे आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतात. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांच्या स्मारकात चांगले ग्रंथालय आहे. आपल्यातल्या किती जणांनी तिथे आपल्या पोराला हात धरून नेले? सुभेदारांकडे एक खोली होती आणि उधारीची पुस्तके होती. आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहे. आरक्षणाने दार उघडले आहे, पण दारापर्यंत चालत जाण्याचे कष्ट आरक्षण करून देत नाही. आणि जिथे पात्रतेची रेषा सर्वांना एकच आहे, तिथे आपला मुलगा पाच गुणांनी मागे राहिला तर ती जागा रिकामी ठेवायला आणि वर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे लिहायला टपून बसलेले कमी नाहीत.

गेल्या महिन्यात वर्गात एक गंमत झाली. आम्ही घाईत फळ्यावर 'वन ऑफ द स्टुडंट' असे लिहून गेलो. मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, "सर, स्टुडंट्स." सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि या वेळी काय चुकले ते आम्हाला कळले होते. ती मुलगी वर्गात पहिल्यांदा आली तेव्हा तिने दिलेल्या कागदावर 'आय अ‍ॅम बिलाँग टू' असेच लिहिलेले होते. तिचा परवाचा अर्ज आम्ही तपासला. त्यात ते वाक्य बरोबर होते. परीक्षा अजून व्हायची आहे, निकाल काय लागेल तो लागो. पण तो अर्ज वाचून कोणाला शेजारच्या टेबलाकडे पाहून हसता येणार नाही.

निवृत्त बांधवांनो, शिक्षक मित्रांनो, या रविवारी आपल्या वस्तीतल्या विहाराचे कुलूप उघडा. एक फळा लागतो, एक खडू लागतो आणि दोन तास लागतात. जयभीम!